कासला जायच्या आधी पोलरायझर घ्यायचाय, कुठला घेऊ?

वाचकाचं पत्र:

"दादा, नमस्कार. मी सांगलीला असते, शाळेत शिकवते. मिस्टरांनी वाढदिवसाला निकॉनचा डी५६०० घेऊन दिला, सेकंडहँड आहे पण कंडिशन चांगली आहे, सोबत १८-५५ आणि ७०-३०० अशा दोन लेन्स मिळाल्या, दोन्हीवर एएफ-पी लिहिलंय. सप्टेंबरात कासला जायचं ठरतंय आणि दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला. भाचा म्हणाला मावशी पोलरायझर घे, रंग खुलतात. दुकानात गेले तर त्यांनी तीन दाखवले, एक ४५० चा, एक २,८०० चा, एक ७,५०० चा, आणि मला तर तिन्ही सारखेच काळे दिसले. शिवाय एका लेन्सला ५५ आणि दुसरीला ५८ लागेल म्हणाले, म्हणजे दोन घ्यायचे का? मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो कशाला पैसे घालवतेस, लाइटरूममध्ये सगळं होतं. आणि लेन्सवर यूव्ही फिल्टर आधीच लावलेलाय, त्याच्यावरच बसवायचा का? जरा सविस्तर सांगाल का?"

ताई, नमस्कार.

मुलाला सांगा की बऱ्याच फिल्टरच्या बाबतीत त्याचं बरोबर आहे, फोटो थोडा पिवळसर उबदार करायचा, आभाळाचा वरचा भाग गडद करायचा, हे पूर्वी फिल्टर लावून करायचे आणि आता कॉम्प्युटरवर छान होतं, पण पोलरायझरचं तसं नाही, कारण त्याचं काम फोटो निघायच्या आधीच होऊन गेलेलं असतं. समजा पाऊस नुकताच थांबलाय, आभाळ पांढरं आहे आणि समोर ओलं पान आहे, तर त्या आभाळाची चमक पानावर पडून पान हिरवं दिसायच्या ऐवजी पांढुरकं दिसतं, आणि कॅमेऱ्याने ते पांढरंच टिपलं की खालचा हिरवा रंग फाइलमध्ये आलेलाच नसतो, मग स्लायडर कितीही ओढा, पांढऱ्याचा राखाडी होईल, हिरवा काही होणार नाही. हल्ली एआयवाली टूल्स खिडकीच्या काचेतलं प्रतिबिंब पुसून देतात हे खरंय, पण ती मागे काय असेल याचा अंदाज बांधून जागा भरतात, आणि तुम्ही सांगलीवरून कासला जाऊन तेरड्याचा जो रंग बघणार आहात तो अंदाजाने भरलेला कशाला हवा? म्हणून मी तर सगळ्यांना सांगतो की एकच फिल्टर घ्यायचा असेल तर हा घ्या, आणि एकच पण चांगला घ्या.

हे होतं कसं ते आधी सांगतो, कारण हे कळलं की कधी लावायचा आणि कधी काढून बॅगेत ठेवायचा हे आपलं आपल्याला कळायला लागतं. प्रकाशाच्या लाटा सगळ्या दिशांनी थरथरत येतात, पण पाणी, काच, ओलं पान, गाडीचा रंग अशा गुळगुळीत पृष्ठभागावर तिरक्या आपटून आल्या की त्यातल्या एकाच दिशेने थरथरणाऱ्या जास्त उरतात. पोलरायझर म्हणजे खिडकीचे गज समजा, ताट गजांच्या दिशेने धरलं तर बाहेर जातं आणि आडवं धरलं तर अडकतं, तसंच. फिल्टरची पुढची रिंग गोल फिरते, ती फिरवली की हे गज फिरतात आणि एका ठिकाणी ती चकाकी अडते, पण पानाचा स्वतःचा जो रंग असतो तो प्रकाश सगळ्या दिशांचा असतो, त्यामुळे त्यातला बराच भाग तरी आत येतोच. झालं, एवढंच आहे.

आता यातून दोन गोष्टी निघतात ज्या दुकानात कोणी सांगत नाही. पहिली, कोन महत्त्वाचा. पाण्यावरची चमक सगळ्यात जास्त कधी कापली जाते तर तुमची नजर पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करत असेल तेव्हा, काचेला तो ३४ च्या आसपास येतो. सरळ वरून वाकून पाण्यात बघितलं तर रिंग दिवसभर फिरवत बसा, काही फरक दिसणार नाही. दुसरी, नुसत्या धातूची चमक जात नाही. पितळेची समई, स्टीलची भांडी, सोन्याचे दागिने, यांच्यावर पोलरायझर चालत नाही, ती चमक अशी एका दिशेची झालेलीच नसते. गाडीच्या बॉडीवर मात्र चालतो, कारण तिथे वरून रंगाचा थर असतो.

कासला जाताय म्हणून हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगतो. पठाराच्या पुढे जुन्या राजमार्गावर कुमुदिनीचं तळं आहे, पांढरी झालरीसारख्या पाकळ्यांची फुलं पाण्यावर तरंगत असतात. काठावर उभं राहून नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर पाणी पांढरं दिसतं, आभाळ त्यात उतरलेलं असतं आणि पांढरी फुलं त्या पांढऱ्यात हरवून जातात. काठावर जरा खाली बसा, सांगितलं त्या तिरक्या कोनात या आणि व्ह्यूफाइंडरमधून बघत रिंग हळूहळू फिरवा. आधी काहीच होत नाही, मग पाण्याची पांढरी साय एका बाजूने सरकायला लागते, पाणी काळसर हिरवं होतं, फुलाच्या कडेची झालर सुटी दिसायला लागते, गोल पानांवरचा तुकतुकीतपणा जाऊन शिरा दिसतात, आणि पाण्याखाली वाकडे गेलेले देठसुद्धा दिसतात. अजून थोडं फिरवलं की परत सगळं पांढरं. पूर्ण गडद करून एक फोटो घ्या आणि थोडी चमक ठेवून एक घ्या, कारण पाण्यावरची सगळीच चमक काढली तर कधीकधी पाणी पाण्यासारखं वाटत नाही. मला स्वतःला थोडी चमक राहिलेली आवडते. सीतेची आसवं असतात ना, ओल्या कातळावर जांभळी निळी बारीक फुलं, तिथे उलट, तिथे कातळावरचं पाणी इतकं चमकतं की पूर्ण कापलेलीच बरी.

आणि ढगाळ असेल तर पोलरायझर बिनकामाचा असा एक गैरसमज आहे, तो डोक्यातून काढून टाका. ढगाळ आभाळावर असर होत नाही हे बरोबर, पण ओल्या पानांवर, कातळावर, डबक्यांवर पूर्ण होतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हाच खरा उपयोग आहे. परदेशातले व्हिडिओ बघून लोकांना वाटतं की हा निळ्या आभाळासाठीचा फिल्टर आहे. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर निळं आभाळ दिसतं किती वेळ? हिरव्यासाठीच घ्या तुम्ही.

आता साइज. लेन्सच्या नावात जे १८-५५ असतं ते फोकल लेंथ, म्हणजे झूम कुठून कुठवर जातो तो आकडा, त्याचा फिल्टरशी संबंध नाही, फिल्टरचा व्यास वेगळा असतो आणि तो लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा टोपीच्या आतल्या बाजूला शून्यावर तिरकी रेघ मारल्यासारख्या खुणेपुढे लिहिलेला असतो. तुमच्या बाबतीत गंमत अशी की एएफ-पी १८-५५ चा व्यासही ५५ मिमीच आहे, तो निव्वळ योगायोग. याच निकॉनच्या १८-५५ च्या जुन्या एएफ-एस लेन्सना ५२ लागतो आणि कॅननच्या १८-५५ ना ५८, म्हणून मैत्रिणीचं बघून साइज सांगू नका, आपल्या लेन्सवरचं वाचा. तुमच्या ७०-३०० ला ५८, दुकानदाराने बरोबर सांगितलं.

पण दोन घ्यायची गरज नाही. ५८ चा एक घ्या आणि ५५-५८ ची स्टेप-अप रिंग घ्या, पातळ धातूची रिंग असते, एका बाजूला ५५ चे आटे आणि दुसऱ्या बाजूला ५८ चे, फिल्टरच्या मानाने अगदी किरकोळ पैशात येते. ती १८-५५ वर बसवा, फिल्टर दोन्हीकडे चालेल, आणि फिल्टर लावलेला असताना वर ७०-३०० ची टोपीपण बसेल. उलटं, म्हणजे ५५ चा घेऊन मोठ्या लेन्सवर स्टेप-डाउन रिंगने बसवायचा, ते करू नका, फोटोचे कोपरे काळे पडायची भीती असते. एक अडचण राहते, रिंग बसवली की १८-५५ चा हूड, म्हणजे तिरकं ऊन अडवायला लेन्सपुढे बसवतात ती झडप, बहुधा बसणार नाही. त्याचं फार मनाला लावून घेऊ नका, तसंही हूड लावला की फिल्टरची रिंग फिरवायला बोटं आत जात नाहीत, ऊन तिरकं लेन्सवर येत असेल तर टोपीची किंवा हाताची सावली धरा.

काही लोक तुम्हाला सांगतील की एकदम ७७ चाच घेऊन ठेवा, पुढेमागे मोठी लेन्स घेतली तर उपयोगी पडेल. ज्यांच्याकडे तसल्या लेन्स आहेत त्यांच्यासाठी सल्ला बरोबर आहे. तुमच्यासाठी नाही, लहान लेन्सवर एवढी मोठी थाळी वागवायची, किंमतही बरीच जास्त, आणि ती लेन्स येईल तेव्हा येईल. निकॉनची ५० मिमी १.८ जी लेन्स पुढे घ्यावीशी वाटली, आणि शाळेतल्या कार्यक्रमांसाठी ती वाटेलच, तर तिलाही ५८ च लागतो, ३५ मिमी १.८ डीएक्सला ५२ लागतो म्हणजे परत एक रिंग. ५८ घेऊन तुम्ही अजिबात अडकत नाही.

प्रकार कुठला, तर सर्क्युलर, पाकिटावर सीपीएल किंवा सर्क्युलर पीएल लिहिलेलं असतं. सर्क्युलर म्हणजे गोल आकार नव्हे, सगळेच गोल असतात. लिनियर पोलरायझरमधून आलेला प्रकाश एकाच दिशेचा राहतो, आणि तुमच्या डी५६०० मध्ये आरसा आहे, त्याच्यावरून फोकस आणि मीटरिंगकडे, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या भागाकडे, प्रकाश जातो, तिथे हा एका दिशेचा प्रकाश गेला की कॅमेरा चुकू शकतो. सर्क्युलरमध्ये मागे अजून एक थर असतो जो गाळून झालेला प्रकाश परत फिरता करून आत सोडतो, मग कॅमेऱ्याला अडचण येत नाही. मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, लिनियरसुद्धा बहुतेक वेळा चालून जातो, पण तुमच्यासारख्या आरसावाल्या डीएसएलआरवर रिस्क नको. आणि दुकानात "तीन फिल्टरचा सेट घ्या मॅडम, यूव्ही, सीपीएल आणि एफएलडी" असं म्हणतील तर नको म्हणा, एफएलडी हा फिल्म कॅमेऱ्याच्या काळात ट्यूबलाइटचा हिरवट रंग घालवायला होता, आता कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स आहे. व्हेरिएबल एनडी पण असाच फिरणाऱ्या रिंगचा असतो आणि दिसायला सेम, त्याचं काम वेगळं, नुसता प्रकाश कमीजास्त करायचं, तो पोलरायझर म्हणून कोणी गळ्यात मारत नाहीये ना ते नाव वाचून बघा.

आता ते तीन. नावं तुम्ही लिहिली नाहीत त्यामुळे अमुकच घ्या असं सांगू शकत नाही, पण परीक्षा कशी करायची ते सांगतो, परत जा आणि काउंटरवर उभ्या राहून करा, लाजू नका, चांगला दुकानदार उलट खूश होतो.

पहिलं म्हणजे काउंटरवरचा कॅल्क्युलेटर मागा, तो प्रत्येक दुकानात असतोच. फिल्टरची पुढची बाजू, म्हणजे लेन्सपासून लांब असते ती, कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेकडे करून मधून बघत फिरवा. एका ठिकाणी डिस्प्ले काळामिट्ट व्हायला हवा आणि पाव फेरी फिरवल्यावर परत स्वच्छ दिसायला हवा. होत नसेल तर ती नुसती काळी काच आहे. मग आरसा बघा, दुकानात नसेल तर पर्समधला चालेल. आता फिल्टरची आट्यांची बाजू आरशाकडे करा, पुढची बाजू आपल्याकडे, आणि फिल्टरमधून आरशातल्या त्याच फिल्टरकडे बघा. खरा सर्क्युलर असेल तर आरशातली काच काळी दिसते. उलटा करून बघा, काळी दिसत नाही. दोन्हीकडून काळी दिसलीच नाही तर तो लिनियर आहे, पाकिटावर काहीही छापलेलं असू दे.

मग ट्यूबलाइटखाली काच जरा तिरकी धरून तिच्यात ट्यूबचं प्रतिबिंब बघा. कोटिंग नसलेल्या काचेत ट्यूब पांढरी आणि लख्ख दिसते, चांगलं मल्टिकोटिंग असेल तर प्रतिबिंब मंद आणि हिरवट किंवा जांभळट दिसतं. ४५० वाल्यात बहुतेक पांढरी लख्ख दिसेल. याचा अर्थ उन्हात ती काच स्वतःच चमक पैदा करणार, म्हणजे जी चमक घालवायला आपण पैसे देतोय तीच. नंतर पांढऱ्या कागदावर तिन्ही फिल्टर शेजारी ठेवा. सगळेच राखाडी दिसणार, पण एखादा पिवळट किंवा हिरवट मारतो, तो रंग सगळ्या फोटोंवर चढणार. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढता येतो, पण तुम्ही जेपीईजीमध्ये काढत असाल तर कटकट आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाची परीक्षा ७०-३०० वर करायची. लेन्स घेऊन जा, दुकानाच्या दारात उभ्या राहा, ३०० ला झूम करा आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीवरचा सगळ्यात खालचा बारीक मजकूर, फोन नंबर वगैरे, आधी फिल्टर न लावता आणि मग प्रत्येक फिल्टर लावून काढा. हात कठड्याला टेकवा नाहीतर तुमचा हात हलल्याचा दोष फिल्टरवर जाईल. मग स्क्रीनवर मोठा करून आकडे बघा. १८-५५ वर स्वस्तातला फिल्टरसुद्धा बरा दिसतो, खरं रूप ३०० ला कळतं, आकड्यांच्या कडा फुटतात, पसरट होतात, कधीकधी फोकसच नीट लागत नाही, कारण काच सपाट नसते. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की ४५० आणि २,८०० मधला फरक कोणी समजावून सांगायला लागत नाही.

माझं मत विचाराल तर ४५० चा घेऊ नका आणि ७,५०० चा आत्ता लागत नाही. होया, केंको, मारूमी, निसी, के अँड एफ कॉन्सेप्ट, यांच्यातला मल्टिकोटिंगवाला मधल्या किमतीचा कुठलाही या परीक्षेत उतरला की डोळे झाकून घ्या. महागात काय वेगळं मिळतं ते मात्र माहीत असावं. प्रकाश कमी खाल्ला जातो, साधा पोलरायझर दीड ते दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणं), चांगल्या फिल्मवाला एकाच्या आसपास. पाणी आणि बोटांचे डाग पटकन पुसले जातात. रिंग काहींची पितळेची असते, अ‍ॅल्युमिनियमपेक्षा ती लेन्सवर कमी अडकते. आणि बी प्लस डब्ल्यूचे कासेमन म्हणून फिल्टर येतात, त्यात दोन काचांच्या मधली फिल्म कडेने सील केलेली असते, दमट हवेत ती सुटत नाही. तुम्ही कोकणात राहत असता किंवा दर पावसाळ्यात घाटावरच पडीक असता तर मी म्हटलं असतं की थांबा, पैसे साठवा आणि तोच घ्या. वर्षातून दोनतीन सहलींसाठी २,८०० वाला पुरे. स्लिम लिहिलेला मुद्दाम मागू नका, काही स्लिमला पुढे आटेच नसतात, मग टोपी बसत नाही, आणि तुमच्या १८ ला तसंही साध्या फ्रेमने कोपरे कापले जाणार नाहीत. बिल घ्या, सील तुमच्यासमोर फोडायला सांगा, नामांकित कंपन्यांचे डुप्लिकेट फिल्टर बाजारात आहेत आणि ऑनलाइन घेताना तर विकणारा कोण आहे ते बघूनच घ्या. मुंबईला जाणं होणार असेल तर फोर्टात बोरा बाजारला कॅमेऱ्याची दुकानं ओळीने आहेत, चार ठिकाणी हातात घेऊन बघता येतं.

आणि घ्यायच्या आधी फुकटात अंदाज घ्यायचा असेल तर घरात कोणाकडे पोलराइज्ड गॉगल आहे का बघा, त्याची काच मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि अंगणातल्या ओल्या पानांवर फिरवून बघा. मुलालाही दाखवा, इंजिनिअर माणूस आहे, लगेच पटेल.

वापरायचं म्हणाल तर फिल्टर हलक्या हाताने बसवा, आवळू नका. एएफ-पी लेन्स आहेत हे तुमचं नशीब, फोकस करताना त्यांचा पुढचा भाग फिरत नाही, जुन्या किट लेन्सना आधी फोकस आणि मग फिल्टर असं करत बसावं लागायचं. कॅमेऱ्यामागून बघताना रिंग नेहमी डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवायची सवय लावा, ती आटे घट्ट होण्याची दिशा आहे, उजवीकडे फिरवत राहिलं तर एखाद दिवशी फिल्टर सुटून दरीत जाईल. आडवा कॅमेरा उभा केला की परत फिरवायचा, हे नवीन माणूस हमखास विसरतो. अडकलाच कधी तर चिमटीत दाबून पिळू नका, दाबला की गोल रिंग लंबगोल होते आणि अजून अडकते, भाजीच्या जुडीला येतं ते रबर कडेने गुंडाळा आणि हलकेच फिरवा, सुटतो.

प्रकाश दीड स्टॉप कमी होणार हे लक्षात ठेवायचं, म्हणजे शटर १/१२५ सेकंद मिळत होता तिथे १/४० च्या आसपास येतो. कॅमेरा आपोआप ॲडजस्ट करतो पण हात हलतो. ठोसेघरचा धबधबा काढत असाल तर हाच तोटा फायदा होतो, शटर लांबतं, पाणी रेशमी येतं आणि ओल्या कातळाची चमकही जाते. ७०-३०० वर मात्र ३०० ला मुळातच एफ ६.३ आहे, म्हणजे लेन्समधून प्रकाश कमीच येतो, पक्षी काढायचा असेल तर पोलरायझर सरळ काढा. सूर्योदय सूर्यास्त समोर असेल तेव्हा काढा, देवळाच्या आत, घरात, रात्री काढा. इंद्रधनुष्य दिसलं तर सांभाळून, त्याचा प्रकाशसुद्धा एका दिशेचा असतो, रिंग चुकीच्या जागी असली तर अख्खं इंद्रधनुष्य गायब होतं, बरोबर जागी असली तर उठून दिसतं. आणि तळ्यात डोंगराचं प्रतिबिंब हवं असेल तर उगाच कापू नका.

निळ्या आभाळाचं गणित सोपं आहे, सूर्यापासून ९० अंशांवर आभाळ सगळ्यात गडद होतं. हाताची पिस्तूल करा, पहिलं बोट सूर्याकडे रोखा, अंगठा ताठ ठेवून मनगट फिरवा, अंगठा जिथे जिथे जाईल तो गडद पट्टा. सकाळी आणि संध्याकाळी सूर्य खाली असताना हा पट्टा उत्तरेकडून डोक्यावरून दक्षिणेकडे जातो, म्हणून तेव्हा उत्तर किंवा दक्षिणेकडे तोंड करून काढा. आता १८ ला इतकं रुंद आभाळ फ्रेममध्ये येतं की एक भाग गडद निळा आणि शेजारचा फिकट असा डाग पडतो, तो नंतर घालवणं अवघड. २४-२८ पर्यंत झूम करा किंवा आभाळ कमी घ्या किंवा रिंग अर्धवटच फिरवा. पॅनोरमाला तर लावूच नका, प्रत्येक फ्रेममध्ये आभाळ वेगळं येतं.

तारकर्लीला जाल तेव्हा एक गोष्ट करून बघा. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन युरोपातून बोटीने परत येत होते, नारकुंडा नावाची बोट, मुंबईला येणारी. तोवर इंग्लिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं म्हणणं मानलं जायचं की समुद्राचा निळा रंग म्हणजे आभाळाचं प्रतिबिंब. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम होतं, तेही पोलरायझरच, त्यांनी डेकवरून योग्य कोनात धरून समुद्रावरचं आभाळाचं प्रतिबिंब कापून टाकलं आणि बघितलं, तर पाणी फिकं पडायच्या ऐवजी जास्तच निळं दिसलं. म्हणजे निळा रंग पाण्याच्या आतून येत होता. प्रकाश कसा विखुरतो यावरचं त्यांचं पुढचं काम, ज्याला १९३० चं नोबेल मिळालं, ते या प्रश्नातून वाढत गेलं. तुमच्या हातात असणारी रिंग तेच करते. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होडीतून जाताना पाण्याकडे तिरकं बघत फिरवा, खालचा तळ, खडक दिसतात का बघा, आणि शाळेत विज्ञान शिकवत असाल तर मुलांना दाखवायला घेऊन जा, कॅल्क्युलेटरवाला प्रयोग तर वर्गातच होईल. होडीत कॅमेऱ्याचा पट्टा मात्र गळ्यातच असू दे.

शेवटचं, यूव्ही. त्याच्यावर पोलरायझर बसवू नका, यूव्ही काढून मग बसवा. एकावर एक दोन फिल्टर म्हणजे चार जास्तीचे पृष्ठभाग, मधल्या फटीत ऊन परावर्तित होऊन फोटोत भुतासारखे फिकट डाग दिसतात, दोघं एकमेकांत अडकतात ते वेगळंच. काम झालं की पोलरायझर काढून त्याच्या डबीत, डबीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, आपल्या पावसाळ्यात काचेवर बुरशी यायला वेळ लागत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात कधीच ठेवायचा नाही, मधली फिल्म उष्णतेने खराब होते आणि ती दुरुस्त होत नाही. खाऱ्या वाऱ्यातून आल्यावर आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मायक्रोफायबरचं कापड किंचित ओलं करून पुसा, ओढणीने किंवा पदराने नको, वाळूचा एक कण असला तरी कोटिंगवर चरा जातो. डबीवर ५८ असं मार्करने लिहून ठेवा आणि स्टेप-अप रिंगही त्याच डबीत राहू द्या.